ओढ्यातील जीवसृष्टी : शुद्ध पाण्याचा जिवंत मापदंड

सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर वसलेल्या इगतपुरीच्या परिसरात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. या पावसाची वाटणी मोठी विलक्षण आहे. त्याचा एक भाग वैतरणा व भातसा या नद्यांच्या वाटेने अरबी समुद्रास मिळतो. दुसरा भाग दारणेत उतरतो, दारणेतून गोदावरीत जातो आणि अवघे दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरास पोहोचतो. ऊर्ध्व वैतरणा धरणाचे पाणी १९७३ पासून मुंबईकरांची तहान भागवीत आहे. १९१६ साली पूर्ण झालेल्या दारणा धरणाच्या पाण्यावर नाशिक रोड व देवळालीचे नळ चालतात आणि खाली निफाड-कोपरगावकडील मळेही भिजतात. हेच पाणी पुढे नांदूर मधमेश्वरच्या पाणथळीत पोहोचते. २०१९ मध्ये रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळालेले ते महाराष्ट्रातील पहिले स्थळ होय.

या सर्व मोठ्या पाण्याचा उगम मात्र लहान ओढ्यांत आहे. त्यांपैकी कित्येकांची नावे नकाशावर सापडत नाहीत. गावकरी त्यांना शिवारावरून, देवावरून किंवा नुसते 'वरचा ओढा', 'खालचा ओढा' असे ओळखतात. धरणाच्या पाण्याची तपासणी होते, नळाच्या पाण्याची होते, विहिरीचीही होते. ओढ्याच्या पाण्याकडे सहसा कोणी बाटली घेऊन जात नाही. आणि गेले तरी त्या बाटलीतून ओढ्याचे खरे दुखणे कळेलच असे नाही.

बाटलीतील नमुन्याची मर्यादा

पाण्याची परीक्षा म्हटली म्हणजे प्रयोगशाळा, रसायने आणि आकड्यांचा तक्ता डोळ्यांसमोर येतो. ही परीक्षा आवश्यक आहे, यात शंका नाही. तथापि बाटलीत भरलेला नमुना फक्त त्या क्षणाची हकीगत सांगतो. मध्यरात्री कोणी मैल्याचा टँकर ओढ्यात रिकामा केला, तर दुसऱ्या दिवशी अकरा वाजता घेतलेल्या नमुन्यात त्याचा मागमूसही राहत नाही. पाण्यात शेवाळ माजले असेल, तर दुपारी उन्हात ते भरपूर प्राणवायू सोडते आणि अहवाल उत्तम येतो. तोच प्राणवायू पहाटे तळाला गेलेला असतो आणि त्या वेळी मासे पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन धापा टाकीत असतात. पहाटे चार वाजता नमुना घेणारा कर्मचारी अद्याप कोणत्याही खात्यात नेमलेला नाही.

गाळाची गोष्ट तर याहून वेगळी आहे. डोंगर फोडून रस्ता केला, उतारावर प्लॉट पाडले, मुरूम उपसला, की पहिल्या पावसात उघडी माती ओढ्यात येते व दगडांमधील फटी बुजवून टाकते. पुढे पाणी निवळते. रासायनिक कसोट्यांना ते उतरतेही. पण दगडांखाली राहणाऱ्या जीवांची घरे कायमची बुजलेली असतात.

ओढ्यातील प्राणी मात्र तेथून हलू शकत नाहीत. दगडाखालची अळी महिनोन् महिने, काही जातींत वर्षभरही, त्याच पाण्यात वाढते. रात्री आलेले विष तिने सोसलेले असते, पहाटेची गुदमर तिने भोगलेली असते. ती जिवंत असणे हाच मागील कित्येक महिन्यांच्या पाण्याचा दाखला होय. म्हणून पाण्याचा दर्जा त्यातील जीवसृष्टीवरून ठरवावा, हा विचार पुढे आला. जर्मनीतील कोल्क्विट्झ व मार्सन या शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच अशी पद्धती मांडली. अमेरिकेतील १९७२ च्या कायद्याने पाण्याची रासायनिक व भौतिक शुद्धता सांगताना त्याची जैविक अखंडताही राखली पाहिजे असे उद्दिष्ट ठेवले, आणि ओहायो या राज्याने १९९० मध्ये ओढ्यांतील मासे व कीटक यांच्या गणनेवर आधारलेले आकडेवार जैविक मानक आपल्या नियमांतच घातले.

कायद्यातील जागा

जल प्रदूषणाच्या बाबतीत महाराष्ट्राने देशाच्या अगोदर पाऊल टाकले. राज्याचा स्वतंत्र अधिनियम १९६९ चा आहे आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी राज्याचे मंडळ स्थापन झाले. केंद्रीय जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९७४ मध्ये आला व महाराष्ट्राने तो १९८१ मध्ये स्वीकारला. या केंद्रीय अधिनियमातील दोन व्याख्या पंचायत सदस्यांनी अवश्य वाचाव्यात. पाण्याच्या भौतिक, रासायनिक वा जैविक गुणधर्मांत झालेला, जलचरांच्या जीवितास अपायकारक ठरणारा बदलही तेथे प्रदूषणात मोडतो. तसेच 'प्रवाह' या शब्दात वाहता असो वा तूर्त कोरडा पडलेला असो, असा प्रत्येक जलमार्ग समाविष्ट आहे. इगतपुरीचे बहुसंख्य ओढे उन्हाळ्यात आटतात. आटलेला ओढा म्हणजे कचरा टाकण्याची मोकळी जागा, हा समज कायद्याला मान्य नाही.

पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधील सर्वसाधारण मानकांत एक खरीखुरी जैविक कसोटीही आहे. कारखान्याच्या सांडपाण्यात, त्यात बाहेरचे पाणी न मिसळता, मासे ठेवावयाचे. ९६ तासांनंतर शंभरांपैकी नव्वद मासे जिवंत राहिले पाहिजेत. ही कसोटी स्वच्छ व सोपी आहे. परंतु ती नळीच्या तोंडाशी लागू होते. ओढ्याच्या पात्रात काय उरले, हे ती विचारीत नाही. पात्रासाठी केंद्रीय मंडळाने पाण्याचे उपयोगानुसार अ ते ई असे पाच वर्ग केले आहेत. त्यांत वन्यजीव व मत्स्यसंवर्धन यांसाठीचा वर्ग चौथा आहे आणि त्यासाठी लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू पुरेसा धरला आहे. तलावात वाढविलेल्या माशास हे प्रमाण कदाचित चालेल. पण खळाळत्या ओढ्यात जन्मलेल्या जीवाची सवय निराळी असते. २० अंश सेल्सिअस तपमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांस साडेसात. अशा संपृक्त पाण्यात वाढलेल्या जीवांना ४ चा आकडा लावणे म्हणजे डोंगरातील माणसास कोंदट खोलीत ठेवून 'श्वास तर चालू आहे ना' असे विचारण्यासारखे आहे.

देशातील प्रदूषित नदीपट्ट्यांची जी यादी केंद्रीय मंडळाने २०१८ मध्ये केली, तिच्यात ३५१ पट्टे होते. पैकी ५३ महाराष्ट्रातील होते आणि त्यांत दारणेचेही नाव होते. ही यादी जैवरासायनिक प्राणवायू मागणीवर, म्हणजे पाण्यातील घाण कुजविण्यास जीवाणूंना किती प्राणवायू लागतो या मोजमापावर, आधारलेली आहे. हे प्रमाण लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर गेले की पट्टा यादीत येतो. नदीचे नाव यादीत येईपर्यंत तिच्या ओढ्यांमधून काय काय नाहीसे झाले, याचा हिशेब मात्र कोणाजवळ नसतो.

दगडाखालची वस्ती

हा हिशेब ठेवणे वाटते तितके अवघड नाही. दिवाळीनंतर ओढ्याचे पाणी स्थिरावले, की खळाळात उतरून एक बशीएवढा दगड उचलून उलटा करावा. स्वच्छ ओढ्यात त्या दगडाच्या पोटाशी बरीच लगबग दिसते. चपट्या अंगाची, बहुधा तीन शेपट्यांची आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना पानांसारखे कल्ले असलेली पिले मेफ्लाय नावाच्या कीटकाची असतात. हा कीटक पंख फुटल्यावर काही तास किंवा एक-दोन दिवसच जगतो. त्याचे खरे आयुष्य पाण्यातच सरते. दोन शेपट्यांचे, अधिक दणकट पिलू स्टोनफ्लायचे. वाळूचे कण किंवा पानांचे तुकडे जोडून स्वतःभोवती नळी बांधणारी, अथवा दगडांमध्ये बारीक जाळे विणून वाहते अन्न अडविणारी अळी कॅडिस या कीटकाची. याशिवाय चतुर व टाचणी यांची पिले, पाणभुंगे, झिंगे आणि खेकडे असतातच.

गावाखालच्या ओढ्यात, जेथे गटार मिळते, तेथील दगड उलटला तर चित्र पालटते. दगड बुळबुळीत लागतो. खाली काळा चिखल, त्यात डोके खुपसून शेपट्या हलविणारे तांबडे सूक्ष्म गांडूळवर्गीय किडे आणि डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या चिलटांच्या लाल अळ्या आढळतात. यांच्या रक्तात माणसाप्रमाणेच हिमोग्लोबिन असल्यामुळे अत्यल्प प्राणवायूतही ते तग धरतात. हे जीव स्वच्छ ओढ्यातही थोडे असतात. म्हणून ते दिसले एवढ्यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही. बाकीचे सारे निघून गेले आणि हेच उरले, तर मात्र ओढा आजारी आहे असे खुशाल समजावे.

दोन आकडे

निरीक्षणाला मानकाचे रूप द्यावयाचे तर आकडा हवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नेदरलँडच्या सहकार्याने यमुना नदीवर केलेल्या अभ्यासातून भारतासाठी जैविक निकष तयार केले आहेत. त्यांत दोन आकडे काढावयाचे असतात.

पहिला आकडा सोशिकतेचा. तळातील प्राण्यांच्या प्रत्येक कुळाला १ ते १० गुण दिलेले आहेत. नाजूक कुळांना अधिक, चिवट कुळांना कमी. सापडलेल्या कुळांच्या गुणांची सरासरी हा ओढ्याचा गुणांक. समजा, गावाच्या वर चपट्या मेफ्लायचे कूळ (१०), स्टोनफ्लायचे (१०), जाळे विणणाऱ्या कॅडिसचे (५), मेफ्लायचेच एक चिवट कूळ (४) आणि लाल अळ्यांचे (२) अशी पाच कुळे मिळाली. बेरीज ३१, सरासरी ६.२. गावाखाली तेच चिवट मेफ्लाय (४), गोगलगाई (३), जळवा (३), लाल अळ्या (२) आणि तांबडे किडे (१) मिळाले, तर बेरीज १३, सरासरी २.६.

दुसरा आकडा विविधतेचा, आणि शाळांना हाच अधिक उपयोगी आहे. कारण त्यासाठी कोणत्याही प्राण्याचे नाव ठाऊक असण्याची गरज नाही. पांढऱ्या थाळीतील प्राणी एकेक करून उचलावयाचे व प्रत्येक प्राणी आधीच्यासारखा आहे की वेगळा, एवढेच पाहावयाचे. पहिल्या प्राण्यापासून एक गट मोजावा व वेगळा प्राणी आला की नवा गट धरावा. गटांच्या संख्येस एकूण प्राण्यांच्या संख्येने भागावे. समजा, चाळीस प्राण्यांत २६ गट पडले, तर विविधता ०.६५, चारच पडले तर ०.१०. चौथीतील मूलही हे करू शकते.

दोन्ही आकडे मिळून पाच वर्ग ठरतात. गुणांक ७ ते १० असेल तर पाणी स्वच्छ, ६ ते ७ किंचित प्रदूषित, ३ ते ६ मध्यम, २ ते ५ बरेच, व २ पेक्षा कमी असल्यास अतिप्रदूषित. मध्यम व बरेच प्रदूषित या वर्गांच्या मर्यादा एकमेकींत शिरल्या आहेत, हे येथे दिसेल. तेथे विविधतेचा आकडा निवाडा करतो: तो ०.४ किंवा त्याहून खाली असेल तर पाणी खालच्या वर्गाकडे झुकते. वरील उदाहरणात गावाच्या वर पाणी किंचित प्रदूषित आणि गावाखाली बरेच प्रदूषित ठरते. मधल्या अंतरात ओढ्याचे काय झाले, हे गावाने गावालाच विचारावे.

या मोजपट्टीविषयी एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. गुणांचे मूळ कोष्टक ब्रिटनमधील नद्यांसाठी तयार झाले होते. मंडळाने ते भारतीय कुळांसाठी जुळवून घेतले. सह्याद्रीचा माथ्यावरील ओढा आणि सपाट मैदानातील यमुना यांत पुन्हा फरक आहेच. माथ्यावरील ओढा जुलैत दगड लोटीत वाहतो, फेब्रुवारीत ठिबकतो आणि एप्रिलमध्ये काही डोहांपुरता उरतो. एप्रिलमध्ये प्राणी कमी मिळाले म्हणून प्रदूषण झाले, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. यास्तव प्रत्येक ओढ्याची तुलना त्याच ऋतूत, त्याच जातीच्या व शक्य तितक्या अस्पर्श ओढ्याशी करावी. कळसूबाईच्या रांगेखाली, वस्ती व शेतीच्या वर, जंगलातून येणारे असे संदर्भ-ओढे इगतपुरी तालुक्यात अजून आहेत. परक्या कोष्टकातील दहापैकी किती गुण मिळाले, यापेक्षा आपल्याच जंगलातील ओढ्याच्या मानाने गावाखालच्या ओढ्यात किती उरले, हा आकडा अधिक खरा.

देवळालीचा मासा

अशी तुलना करण्यासाठी जुनी नोंद असेल, तर तिचे मोल फार. दारणाकाठच्या देवळालीच्या बाबतीत अशी नोंद सुदैवाने आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षणातील मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा व के. एस. मिश्रा यांनी देवळालीच्या माशांचा अभ्यास करून १९३८ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांची माहिती प्रसिद्ध केली. त्यात विज्ञानाला तोपर्यंत अज्ञात असलेली एक लहानशी जात होती. सोसायटीचे अभिरक्षक एस. एच. प्रेटर यांच्या नावावरून तिला पॅराप्सिलोऱ्हिंकस प्रेटेरी असे नाव देण्यात आले. या कुळीचे मासे अंगाने लहान, पोटाकडे सपाट आणि तोंड खालच्या बाजूस असलेले असतात. वाहत्या पाण्यात खडकास धरून राहावयाचे व त्यावरील शेवाळ खरवडून खावयाचे, अशी त्यांची रीत. त्यांना वाहते पाणी हवे आणि गाळाने न माखलेला खडक हवा. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या लाल यादीत ही जात अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदली गेली आहे. वाघाइतकाच हा मासाही नाहीसा होऊ शकतो, आणि त्याचे घर नाशिक जिल्ह्यात आहे. तालुक्यातील किती शाळांमध्ये त्याचे नाव सांगितले जाते, हा प्रश्न शिक्षकांनी स्वतःशी करून पाहण्यासारखा आहे.

पंचायतीच्या हातातील गोष्टी

पिण्यास योग्य पाणी जलचरांसही योग्य असेल, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन राहिले पाहिजे, असा दंडक आहे व माणसाच्या आरोग्यासाठी तो योग्यच आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने जलचरांसाठी ठरविलेली तात्कालिक मर्यादा मात्र ०.०१९ मिलिग्रॅम, म्हणजे त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी आहे. ग्रामपंचायतीची पाण्याची टाकी टीसीएल पावडरने धुतल्यानंतरचे पाणी कित्येक ठिकाणी थेट ओढ्यात सोडले जाते. ते मोकळ्या जमिनीवर पसरून मुरू दिले, तर पंचायतीला एक पैसाही खर्च येत नाही आणि ओढ्यातील जीव वाचतात. फवारणीचे पंप ओढ्यात न धुणे, ही दुसरी तशीच गोष्ट. भाताच्या लावणीचे व फवारणीचे दिवस आणि मासे अंडी घालण्यासाठी वर चढण्याचे दिवस साधारण एकाच सुमारास येतात.

चढणीचे मासे पकडणे ही येथील महादेव कोळी, ठाकूर व कातकरी समाजांची जुनी वहिवाट आहे आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. डोहात ब्लीचिंग पावडर अगर विष टाकणे किंवा स्फोट घडविणे ही मात्र मासेमारी नव्हे. कायद्यानुसार तो गुन्हा आहे. अशा एका डोहात मोठ्या माशांबरोबर पिले, झिंगे, खेकडे आणि दगडाखालची सारी वस्ती एकाच वेळी संपते. पुढच्या पावसाळ्यात त्या डोहापाशी जाळे घेऊन बसणाऱ्यालाच त्याची झळ लागते.

नोंदीसाठी नवे कार्यालय उघडावे लागत नाही. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयाची आहे आणि लोकांची जैवविविधता नोंदवही ठेवावयाची आहे. तिच्यात झाडांची पाने भरपूर भरलेली असतात, ओढ्यांची पुष्कळदा कोरी राहतात. जल जीवन मिशनखाली गावोगावी पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. परीक्षण-संच हाताळणाऱ्या या महिला थाळीतील प्राणीही मोजू शकतील. साहित्य म्हणजे अर्ध्या मिलिमीटर छिद्रांची हातजाळी, पांढरी एनॅमलची थाळी, भिंग आणि वही. जाळी प्रवाहाच्या खालच्या अंगास धरून वरच्या अंगास तीन मिनिटे पायाने तळ ढवळावा, जाळीत आलेले थाळीत ओतावे, मोजणी होताच सर्व प्राणी त्याच जागी परत सोडावेत. पुराच्या दिवसांत मुलांना ओढ्यात उतरू देऊ नये, हे वेगळे सांगावयास नको.

मोजणी वर्षातून दोनदा पुरे: एकदा नोव्हेंबरमध्ये पाणी स्थिरावल्यावर, एकदा फेब्रुवारीत ओढा आटण्यापूर्वी. जागा तीन असाव्यात: गावाच्या वर, गटार मिळते त्याखाली, आणि शिवेवर जेथे ओढा पुढच्या गावाच्या हद्दीत शिरतो तेथे. वहीत तारीख, जागा, पाण्याची खोली, दगडांवर गाळ आहे की नाही, कुळे, गुणांक, विविधता आणि मिळालेल्या माशांची गावातील नावे लिहावीत. म्हाताऱ्या माणसांना पूर्वी कोणते मासे चढत असत हे विचारून ती नावे पहिल्याच पानावर उतरून घ्यावीत. शिवेवरच्या तिसऱ्या जागेची नोंद दोन्ही ग्रामपंचायतींनी मिळून करावी व तिच्याखाली दोघांच्याही सह्या असाव्यात.